फुटबॉलला नेलेला देवीचा ढोल

ता. १३ जानेवारी १९३४, चौल
मळणी आटोपली. सायं. देवळात दिवा लावत होतो, तोच आळीतले तरुण आले. उद्या रेवदंड्याला फुटबॉल. तिथले लोक पत्र्याचे डबे बडवतात, शंख फुंकतात. "तात्या, देवीचा ढोल आणा. कसे डबे ऐकू येतात बघू." ढोलाचा मान आमच्या घराकडे. नको म्हणायला हवं होतं. मलाही हौस. नेतो म्हटलं.

ता. १४
वाईट झालं.
डब्यांच्या गोंगाटात मीही ढोलावर हात टाकला. मला येतो तो पालखीचा ठेका, दुसरं काय वाजवणार? गोलवर आमचा महादू. दर पालखीला याच ढोलावर त्याच्या अंगात देवी येते, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. त्याचे गुडघे थरथरले, हात वर गेले. चेंडू शेजारून आत.
रेवदंडेकर ओरडले, "चौलवाल्यांनी देवीलाच गोलवर उभी केली रे!" एक कोळीण मात्र पाटी खाली ठेवून त्याच्या पाया पडली.
हरलो.

ता. १७
आपलेच लोक जास्त बोलतात. "काय रं महादू, गोल सुटला म्हणून अंगात आणलंस व्हय?" चूक माझी, ठेका माझा, असं मी सांगून पाहिलं. हसले.

ता. २२
महादू ओटीवर येऊन बसला. म्हणाला, "तात्या, खरं सांगा. त्या दिशी आई आली व्हती, का नुसते पाय हालले?"
मी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला.
"मंग इतकी वर्सं?"
चहा तसाच ठेवून गेला.

ता. ५ फेब्रु.
उद्या पालखी. जपात मन नाही. महादू सकाळी येऊन गेला. "उद्या ढोल वाजवू नका. तिला यायचं असंल तर येईल."
आणि नाही आली तर? लोकांचं सोडा, त्याचं काय होईल? वाजवला, तर त्याला कधीच कळणार नाही.
पंचांना विचारलं. "ढोलाशिवाय पालखी? खुळावलास काय?"
दवानं कातडं सैल पडलंय. सकाळी उन्हात तापवलं नाही तर आवाज निघायचा नाही, आणि दोष दवावर जाईल. हिनं विचारलं, "उद्या ढोल अंगणात काढू ना?"
देवीपुढे बसून आलो. हिला अजून काही सांगितलेलं नाही.