शिवांशचा पहिला दात कोण बघणार

उदगीर, शुक्रवार

सौ. विहीणबाई गंगम्मा यांना गुरुबसप्पाचे शरणार्थ.

तुमचा गुडघा आता कसा आहे? कंधारात तरी त्याला आराम पडावा आणि व्याह्यांनी तुम्हाला उगी जिना चढायला लावू नये, एवढंच मागणं. (फोनच केला असता, पण तो नेमका आमची सूनबाई उचलते. म्हणून हे पत्र आमच्या दुकानातल्या संगमेशच्या हाती देऊन राहिलो.)

मंजुश्री लेकराला घेऊन आठ दिवस तिकडं माहेरी आली, लई चांगलं झालं. पण नातवाच्या दातांचं प्रकरण तुम्हाला पहिल्यापासून माहीत असावं. सात महिन्यांचं लेकरू महिनाभर लाळ गाळून राहिलं, मूठ चघळायचं, कान ओढायचं, घर डोक्यावर घ्यायचं. मी पहिल्याच दिवशी ओळखलं, नजर लागली. मीठ-मिरच्या विस्तवावर टाकल्या. नजर किती उतरली माहीत नाही, पण आम्ही सगळे खोकत अंगणात आणि दुकानातलं गिऱ्हाईक रस्त्यावर. मग मी पुन्हा ओळखलं, कान दुखतोय. कोमट तेलाची वाटी घेऊन निघालो, तर मंजुश्रीनं वाटी हिसकावली आणि लेकराला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, हिरडी सुजलीय, दात येतोय. स्वच्छ बोटानं हिरडी चोळा, ओला गार रुमाल चावायला द्या. अंग सणसणून तापलं तर मात्र ते दाताच्या नावावर खपवू नका, दाखवायला आणा. (म्हणजे मी तिसऱ्यांदा जे ओळखणार होतो, तेच!)

रुमाल दिला, शिवांशनं फेकला. एके सकाळी पूजा आटोपून मी त्याच्यावर वाकलो, तर पठ्ठ्यानं माझ्या गळ्यातली लिंगाची चांदीची डबी, करडगी, धरून थेट तोंडात घातली आणि रडणं एकदम बंद! आपल्यात लिंग गळ्यातून काढायचं नाही आणि हा काही सोडायचा नाही. अर्धा तास मी दुकानाच्या गादीवर ओणवा. दोन गिऱ्हाईकं आली, मालक ध्यानात आहेत म्हणून पाया पडून गेली. आमची उमाबाई ओरडली, डॉक्टरीणबाई रागावल्या (दोरा लेकराच्या गळ्यात अडकतो म्हणे), मग ते बंद केलं. तेव्हापासून हात धुऊन बोटानंच चोळत आलो. माझ्यासारखी हिरडी चोळणारा माणूस अख्ख्या उदगिरात न्हाई. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात.

बाकी इकडं सगळं मजेत. आमची काळजी नसावी.

आपला,
गुरुबसप्पा

ता. क. : महिनाभर लाळ आमच्या सदऱ्यावर आणि दात दिसणार कंधारात, हा कुठला इन्साफ? सोमवारच्या बसनं मी येऊन राहिलो. तोवर शिवांशच्या तोंडात कुणी बघायचं नाही. चुकून दिसलाच तर कुणाला सांगू नका, मलासुद्धा. पहिला दात मीच बघणार. हात जोडतो, विहीणबाई.

आणखी ता. क. : अक्का, मी उमाबाई. हे आंघोळीला गेलेत तवर लिहिते. दात मंजुश्री निघायच्या चार दिवस आधीच आलाय, खालचा. यांना चष्मा लावायला नको आणि चोळायचे रोज वरचीच हिरडी. पण ‘पहिला मीच बघणार’ म्हणून सकाळ-संध्याकाळ लेकराच्या तोंडात डोकावायचे, आम्हा दोघींना काही सांगवंना. सोमवारी तुम्हीपण ‘अगं बाई, दात!’ असं जोरात म्हणा. आणि त्याच्या आधी यांचं बोट जरा खाली सरकवा.