आधी दार, मग कुलूप

अप्पा, काल आपल्या मागच्या दाराचं कुलूप अडलं. हे दार तुम्ही बघितलेलं नाही. लाकडाचा एक तुकडा नाही त्यात. पांढरंशुभ्र प्लॅस्टिक, मधे काच, आणि मूठ वर उचलली की तीन ठिकाणी खिट्ट्या चौकटीत शिरतात. तुमच्या नातवानं हौसेनं बसवून घेतलं. काही वर्षं गुमान चाललं, पण गेल्या महिन्यापासून किल्ली फिरवायला दोन्ही हात लागायला लागले. दुरुस्तीवाला आला, त्यानं किल्ली दोनदा खडखडवली आणि निकाल दिला, "झिजलंय आजी. आतली खिट्ट्यांची सगळी पट्टी बदलावी लागंल." मी विचारलं, "दार बघितलंस का?" तो म्हणाला, "दाराला काय झालंय? कुलूप खराब हाय की." मला हसू आलं. मी उठले, मूठ धरून दार अंगठाभर वर उचलून धरलं आणि त्याला म्हटलं, "आता फिरव." किल्ली लोण्यातून फिरावी तशी फिरली. मग त्यानंच बिजागरीचे स्क्रू पिळून दार वर घेतलं आणि जाताना विचारलं, "कुणी शिकवलं हो आजी?" मी म्हटलं, "वडिलांनी." त्याला एवढंच सांगितलं. बाकीचं तुम्हालाच सांगायला हवं, म्हणून बसले आहे.

शुक्रवार पेठेतलं तुमचं दुकान म्हणजे दोन पायऱ्या आणि एक ओटा. पण खरं काम लोकांच्या दारात, आणि ते बघण्यासारखं असायचं. तुम्ही घरी गेलात की किल्लीला हातच लावायचा नाहीत. तळवा दारावर ठेवून डोळे मिटायचे आणि दार उघडायचं, लावायचं, परत उघडायचं. घरधनी चुळबुळत म्हणायचा, "अहो, बिघडलंय ते कुलूप!" तुम्ही म्हणायचात, "कुलूप बिचारं काय करंल? दार खाली बसलं की सगळा भार त्याच्या मानंवर येतोय." दहातल्या सात दारांना तुम्ही बिजागरीच ठीक करून यायचात, आणि नवं कुलूप विकायची आलेली संधी घालवायचात, म्हणून आई कपाळाला हात लावायची. काम संपलं की शेवटची किल्ली घरातल्या बाईनं फिरवायची, असा तुमचा दंडक. तिच्या हाताला बरं वाटलं तर काम झालं, नाहीतर परत पेटी उघडायची. कानावर कायम शिसपेन्सिल. तिचं शिसं खरवडून कुलपात फुंकायचं. तेलाचा थेंब नाही. "आपल्या गावात घरोघरी माग, वाऱ्यात सूत हाय," तुम्ही सांगायचात, "तेलाला सूत चिकटतंय आन् कुलपाचा गळा दाबतंय." मॅट्रिक झाल्यावर मी तुमच्या शेजारी बसायला लागले तेव्हा पेठेतल्या बायका आईला म्हणाल्या, पोरीला लोखंडात घातली की. तुम्ही ओट्यावरूनच उत्तर दिलंत, "लोखंडाला कुटं कळतंय, धरणारा पोरगा हाय का पोरगी!" त्या दिवशी मला तुमचा इतका अभिमान वाटला होता की मी जेवताना दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मग तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. त्याच आठवड्यात गावाच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकराच्या घरून बोलावणं आलं. घरात खड्ड्यात पाय सोडून चादरी विणायचा खड्डामाग आणि दाराला ओढलं की आपोआप लागणारं लॅच. किल्ली जड चालत होती. तुम्ही पेटी माझ्या हातात दिलीत. मी वीस वर्षांची, पहिल्यांदा एकटी. उंबऱ्यापर्यंत येऊन तुम्ही दोनच गोष्टी सांगितल्यात, "आदी दार बघ. आन् तेल न्हाय."

गेले, तर घरात मागाची खटखट, अंगणात सुताच्या लडी वाळत घातलेल्या, आणि आजूबाजूच्या चार बाया मला बघायला जमलेल्या. चार जणींसमोर दारावर तळवा ठेवून डोळे मिटायची मला लाज वाटली. खरं सांगते, लाजच वाटली. तुम्हाला ते शोभायचं. मी केलं असतं तर हसल्या असत्या. मी तडक स्क्रू काढले, लॅच खोललं, पुसलं. शिसं फुंकलं तरी किल्ली अडतच होती. घरची बाई वाटीत शेंगदाण्याचं तेल घेऊन आली. "सोड की गं थोडं, आमच्या मागाला पण तेच लागतंय." मी सोडलं. किल्ली झुळझुळ फिरली. बायांनी माना डोलावल्या, मला कप भरून चहा मिळाला. घरी येऊन मी म्हटलं, "झालं अप्पा." तुम्ही पट्टीखालून हसलात.

पंधरा दिवस गेले असतील. दुपारी मिलचा भोंगा नुकताच झालेला, आणि तो विणकर सायकलवरून धापा टाकत आला. बायको नळावर गेली होती. आत दोन वर्षांची मुलगी, आणि पेटत्या स्टोव्हवर डाळ. पोरीनं आतून दार ढकललं, लॅच लागलं, आणि किल्ली आत जातेय पण फिरत नाही. मी पेटी उचलली, तुम्ही हिरव्या पट्टीसकट टांग्यात बसलात. आई ओरडत होती, डॉक्टरांनी सांगितलंय! तुम्ही ऐकलं नाही.

आजही ते दार मला समोर दिसतं. फटीतून जळक्या डाळीचा धूर येतोय. पोरीची आई दारावर कपाळ टेकून तेलुगूत तिला हाका मारतेय, आतून आवाज नाही. तिच्या दिरानं पहार उगारलीय. तुम्ही हात वर करता, "थांबा. मोडायला लागलात तर दार आत पोरीवर जाईल." तळवा दारावर ठेवता. क्षणभरच. मग पहार मागून घेता, तिचं टोक दाराखाली सारता आणि डॉक्टर, टाके, सगळं विसरून दुसऱ्या टोकावर अंगाचा भार टाकता. दार करकरत वर जातं. "फिरव. जोर न्हाय, हलकं." मी फिरवते. किल्ली रेतीतून जावी तशी जाते, आणि दार उघडतं.

पोरगी मागाच्या खड्ड्यात बसली होती. अंगाभोवती सगळं सूत गुंडाळून घेतलेलं, तोंडात दोरा, आणि आम्हाला बघून रागावली, खेळ मोडला म्हणून. आई तिला छातीशी धरून रडत खाली बसली. तेव्हाच तुम्ही लॅच उतरवलंत, आत बोट घातलंत आणि नाकाशी नेलंत. बोटावर काळा चिकट लगदा, सुताचा आणि तेलाचा. विणकरानं विचारलं, "तेल कुणी घातलं ह्यात?" त्याच्या बायकोनं मान खाली घातली. मी तोंड उघडलं, पण त्याआधी तुम्ही बोललात, "म्याच सांगितलं हुतं पोरीला. डोळ्याच्या नादात चुकलं माजं. माफी करा."

परत येताना टांग्यात, पेठ जवळ आल्यावर एवढंच विचारलंत, "दार बघितलं हुतंस का आदी?" मी म्हटलं, "व्हय." तुम्ही मान हलवलीत. "झालं ते झालं," म्हणालात, "असू दे." दुसऱ्या दिवशी कानावरची पेन्सिल काढून माझ्या हातात दिलीत आणि त्याच घरी परत पाठवलंत. ज्या दारात चुकलं, त्याच दारात आधी जायचं, म्हणालात. मी गेले, चार बायांसमोर डोळे मिटून दारावर तळवा ठेवला. कुणी हसलं नाही. वरच्या बिजागरीचे तिन्ही स्क्रू ढिले होते.

त्यानंतर गावात एकच बोलणं झालं. म्हाताऱ्याला आता उमगत नाही, पोरगीलाच बोलवा. बापापेक्षा पोरगी बरी! तुमच्या नावाची बोलावणी माझ्या नावानं यायला लागली. आयुष्यभर ज्या माणसानं कुलपात तेलाचा थेंब जाऊ दिला नाही, त्याच्या माथी तेलाचा डाग बसला, आणि माझं नाव झालं. तुम्ही ओट्यावर बसून हसायचात, "लई बरं झालं की." पुढची कितीतरी वर्षं मी हे काम केलं. संसार केला, पेटी सोडली नाही. लोकांनी कौतुक केलं की ते मी गुपचूप घेतलं. तुम्ही होतात तोवर एकदाही कुणाला खरं सांगितलं नाही, आणि तुम्ही गेल्यावर सांगून उपयोग तरी काय, असं स्वतःला समजावत राहिले.

तेलाचं तुम्हाला माहीत होतं. वास घेतला होतात. पण काल ते पांढरं दार हातानं उचलताना मला पहिल्यांदा कळलं, की पहार लावली तेव्हा त्या दिवशी ते दारही असंच वर गेलं होतं, अंगठाभर. बिजागरी ढिली आहे हे तुमच्या हाताला तिथंच समजलं असणार. मग टांग्यात तुम्ही मला विचारलंत ते कशाला? तुम्हाला ठाऊक होतं, तरी विचारलंत. मला खरं बोलायला जागा करून दिलीत, आणि मी ती घेतली नाही, तरी दुसऱ्या दिवशी पेन्सिल दिलीत.

हे सगळं पेन्सिलीनंच लिहिलं आहे. तीनदा टोक काढलं. कागदावर पडलेलं शिसं मागच्या दाराच्या कुलपात फुंकीन, आणि हा कागद पेटीत कानशीखाली घडी करून ठेवीन. फक्त तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर राहिलं आहे. नव्हतं बघितलं, अप्पा.