मामांच्या जबड्याचं माप

कुमासी,
शनिवार, ११ जानेवारी १९८६

प्रिय अम्पोन्सेमदादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. ताकोराडीला समुद्राची हवा, तुमचं बरं चाललं असेल. इथे उत्तरेचा कोरडा वारा सुटलाय. ओठ फुटलेत, दवाखान्यात जिथे हात लावावा तिथे धूळ. आईचा गुडघा आता ठीक आहे. तुझ्यासाठी तिने पामतेल भरून ठेवलंय.

दवाखान्यात दातांचं माप घ्यायला नवं सिलिकॉन आलंय. महाग आहे, पण माझा जीव त्याच्यावर. अल्जिनेटचं तसं नाही. पावडर पाण्यात कालवायची, ट्रेमध्ये भरून तोंडात दाबायची, घट्ट झाली की काढून लगेच प्लास्टर ओतायचं. उशीर झाला की ते आकसतं, मग कवळी टोचते. सिलिकॉनचं माप कितीतरी दिवस जसंच्या तसं राहतं. तू म्हणशील, ही काय पाल्हाळ लावतेय. थांब जरा.

मंगळवारी ओबेंगकाका आले होते. मामा राजासनावर बसल्यापासून त्यांच्या वतीने चारचौघांत बोलणारा माणूस दारात उभा, म्हटल्यावर बाकावरचे पेशंटसुद्धा उठून उभे राहिले. त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळलेलं खालच्या दातांचं माप माझ्यापुढे ठेवलं.

"मामा न्हाणीत पडले. कवळी फुटली. शुक्रवारपर्यंत नवी कर."

"मग मीच येते ना. सिलिकॉनने नीट माप घेते."

"माप झालंय. आमच्या कंपाउंडरने घेतलंय."

"मामा जेवतात का काही?"

"तुला दात करायला सांगितलेत, पोरी. स्वयंपाक नाही."

ते हसले. मग मीही हसले.

प्लास्टर ओतलं. साचा सुटल्यावर मामांच्या आधीच्या कवळीचा जुना साचा काढून शेजारी ठेवला. जुन्यात उरलेले दात एका ओळीत. नव्यात डावीकडे ती ओळ मध्येच तुटून खाली उतरलेली. आधी वाटलं, ट्रे हलला असेल. पण ट्रे हलला की खुणा फिसकटतात. इथे एकेक दात स्वच्छ उमटला होता. म्हणजे जबडाच मोडलाय.

पडल्यावर मोडतो जबडा, मान्य. पण असा माणूस त्यावर ट्रे दाबू देत नाही, दादा. नुसतं बोट लावलं तरी ओरडतो. आणि जिवंत तोंड कधी स्वस्थ राहत नाही. जीभ ढकलते, गाल ओढतात, त्यामुळे मापाच्या कडा गोल वळतात. या मापाच्या कडा कुणी हलवल्याच नव्हत्या. जीभ एका अंगाला पडून राहिलेली.

राजाच्या बाबतीत तो शब्द आपण तोंडातून काढत नाही, म्हणून इथपर्यंत टाळला. मामा गेले, दादा. आणि त्यांच्या सख्ख्या बहिणीला, आपल्या आईला, कुणी कळवलेलं नाही. जंगल लाकूडवाल्यांना द्यायला मामा तयार नव्हते आणि काका त्यासाठी त्यांच्या मागे लागले होते, हे तूच मला सांगितलं होतंस. मामांच्या मागे आसन त्यांच्या भाच्याचं. म्हणजे तुझं. तूही ते जंगल देणार नाहीस, हे त्यांना ठाऊक आहे.

मी कवळी केली. नाही म्हटलं असतं तर मला कळलंय हे त्यांना कळलं असतं. मेलेल्या माणसाचा चेहरा लोकांना दाखवण्याजोगा दिसावा म्हणून मी दात घासूनपुसून चकचकीत करत बसले होते.

काल काका आले. नवा साचा उचलून उजेडात धरला, खूप वेळ पाहिला.

"हा मी नेतो," म्हणाले. "कवळी बसवायला उद्या तू ये, गाडी येईल. आणि तुझ्या दादालाही मामांनी बोलावलंय. ताकोराडीला परवा गाडी पाठवतोय."

"मामा स्वतः म्हणाले?"

"मामांचं बोलणं माझ्याच तोंडून येतं ना?"

त्या गाडीत बसू नकोस. ज्या ट्रक ड्रायव्हरने हे पत्र दिलं, त्या फ्रिम्पोंगकडे गारीच्या पिठाचा डबा आहे. काका येण्याआधीच मी नव्या साच्याची सिलिकॉनमध्ये नक्कल उतरवली होती. ती त्या पिठात आहे, जुना साचाही आहे. दोन्ही घेऊन अक्राला जा. मला शिकवणारे डॉक्टर तिथे आहेत, पत्ता डब्याच्या झाकणात चिकटवलाय. त्या नकलेत प्लास्टर ओतून दोन्ही साचे शेजारी ठेवले, की त्यांना काही सांगावं लागणार नाही. वहिनीला बरोबर ने.

मी का येत नाही, असं विचारू नकोस. मी इथे दिसले नाही तर ते आजच तुझ्याकडे पोचतील. कवळी बसवताना मी काही ओळखू दिलं नाही, तर तुला एक दिवस जास्त मिळेल.

आईने माझ्याबरोबर यायचा हट्ट धरलाय. भाऊ पडलाय आणि मी घरात बसू का, म्हणते. मी नको म्हणून पाहिलं, तिने ऐकलं नाही. आत सणाचं पांढरं कापड इस्त्री करतेय, आजारी भावाला बघून बरं वाटावं म्हणून. काळं नेस, हे मला तिला अजून सांगता आलेलं नाही.

गाडी दारात आलीय. फ्रिम्पोंग मागच्या दाराने निघतोय.

तू पोहोचलास, हे मला कळवायला जाऊ नकोस.

मामांची भाची आणि तुझी पाठची,
बोआतेमा