चौदा नंबरची पेटी उघडून पाहण्याबाबत

प्रति,
मा. दप्तर वाटणी अधिकारी (शाळा विभाग),
नवीन जिल्हा कचेरी आवार, लातूर.

विषय : मौजे पिंपरगव्हाण येथील शाळेच्या इयत्ता नववीच्या एकतीस वह्या पेटी उघडून शोधून देण्याबाबत.

संदर्भ : याच विषयावरचे याच अर्जदाराचे दहा अर्ज. पैकी दोनांना उत्तर आले आहे.

अर्जदार : सुमनबाई ग्यानोबा सुरवसे, वय अंदाजे चाळीस, धंदा मजुरी, रा. पिंपरगव्हाण.

महोदय,

अर्जदार सुमनबाई हिला लिहिता येत नाही. ती सांगते ते कचेरीबाहेर लिंबाखाली बसणारा अर्जनवीस दत्तोपंत लिहून देत आहे. मागचे दहा अर्जही याच हातचे. विनंती, कृपा, मेहरबानी हे शब्द त्या दहांत वापरून संपले, म्हणून या खेपेस नुसती हकीकत लिहिली आहे.

सुमनबाईचा नवरा ग्यानोबा गावच्या व्यंकटरावांच्या उसाची राखण करी. डुकरं हाकलायला व्यंकटरावांची बारा बोअरची बंदूक त्याच्याकडे असे, परवान्यावर राखणदार म्हणून त्याचं नावही होतं. सन १९८० च्या डिसेंबरात शेजारच्या रानात धोंडप्पा नावाचा माणूस छरे लागून मेला. प्रेताजवळ एक रिकामं काडतूस सापडलं. बार उडाला की काडतुसाच्या पितळी बुडावर बंदुकीच्या टोच्याची खूण उमटते. ती खूण ग्यानोबाजवळच्या बंदुकीचीच, असं तज्ज्ञसाहेबांनी पाच ओळींत लिहून दिलं आणि त्या पाच ओळींवर ग्यानोबाला जन्मठेप झाली. एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेल्या, तशाच आणखी दोन बंदुका गावात होत्या. त्या कुणी मागवल्या नाहीत.

गावच्या शाळेत तेव्हा उद्धव मास्तर विज्ञान शिकवत. विद्यापीठाकडे त्यांचं संशोधन चालू होतं. खुणेवरून बंदूक ओळखणारा माणूस किती वेळा चुकतो, हाच त्यांचा विषय. शिकवायची तऱ्हाही निराळी होती. त्या शाळेत पूर्वी काही न येणारं पोरही छातीठोकपणे काहीतरी ठोकून देई, कारण गप्प राहिलं तर छडी ठरलेली. मास्तरांनी प्रश्नपत्रिकेत ‘बरोबर’ आणि ‘चूक’ यांच्या शेजारी तिसरा रकाना आखला, ‘सांगता येत नाही’. का सांगता येत नाही हे नीट लिहिलं तर त्यालाही पूर्ण गुण. पोरं हळूहळू बघून, विचार करून लिहायला लागली. मग मास्तरांनी गावातल्या तिन्ही बंदुकांची पूर्वी उडवलेली रिकामी काडतुसं ज्याच्या त्याच्या घरून मागून आणली, जोडीजोडीनं बारा पाकिटांत घातली, पाकिटांवर नाव घातलं नाही, आणि एकेक भिंग देऊन नववीला विचारलं की ही जोडी एकाच बंदुकीची की दोन बंदुकांची. एकतीस पोरांनी आपापल्या वहीत लिहिलं. ज्यांनी ठामपणे लिहिलं त्यांचं तीनांत एक उत्तर चुकलं. या तीन बंदुकांच्या खुणा इतक्या सारख्या होत्या.

त्या वर्गात सुमनबाईची लेक सिंधु होती. बाप तुरुंगात, हातात भिंग, आणि तिनं बारांपैकी सात पाकिटांपुढे लिहिलं, ‘सांगता येत नाही’. हे कळलं तेव्हा सुमनबाई संतापली. बापासाठी ‘दोन बंदुकांची’ असं ठोकून द्यायला काय जात होतं, म्हणून तिनं लेकीला घालून पाडून बोलून घेतलं. सिंधु म्हणाली, “दिसलं तेवढंच लिवलं, माय. बापाच्या टायमाला त्या सायबानं बी तसंच लिवलं असतं, तर बाप घरी असता.” सुमनबाईला तेव्हा ते पटलं नव्हतं, हेही तिच्या सांगण्यावरून लिहिलं आहे.

सन १९८२ च्या जुलैत शाळा तपासणीला एक साहेब आले. बाकावर काडतुसं पाहून त्यांना घाम फुटला आणि वह्यांत जागोजाग ‘सांगता येत नाही’ वाचून राग आला. शाळेत पोरांना न येणं शिकवता काय, असं ते मास्तरांना म्हणाले. तसं लिहिणाऱ्या सगळ्यांना शून्य देऊन सिंधुसह नऊ जणांचा लागलेला निकाल फिरवून त्यांना नापास केलं. मास्तरांना शाळा सोडावी लागली. ते आता धर्माबादेस शिकवतात. वह्या आणि काडतुसं एकाच गठ्ठ्यात बांधली गेली आणि कारकुनानं वर चिठ्ठी लावली, ‘शस्त्र. गोपनीय.’ पुढच्याच महिन्यात जिल्हा फुटून लातूर वेगळं झालं.

वाटणीत शाळेची कागदं शाळेकडे गेली, शस्त्रांची पोलिसांकडे. हा गठ्ठा दोन्हींकडचा आणि कुणाचाच नाही. पोलिसांनी सांगितलं की वह्या म्हणजे शस्त्र नव्हे. आपल्या कचेरीचं पहिलं उत्तर आलं की शस्त्राचा विषय शाळा विभागात येत नाही. जुन्या जिल्ह्यात सांगितलं की गाव तिकडे गेलं, त्याच्यासोबत गठ्ठाही गेला. शेवटी वाटणीच्या यादीत नोंद सापडली : पेटी क्रमांक चौदा. पण गोपनीय वस्तू आहे की नाही हेही गोपनीय असतं, असं दुसरं उत्तर आलं.

औरंगाबादेस ग्यानोबाच्या अपिलाची शेवटची तारीख सतरा जून आहे. वकीलसाहेब म्हणतात, वह्या हाती आल्या तर मास्तरांच्या संशोधनाला आधार मिळेल आणि ते काडतूस, तिन्ही बंदुकांसह, दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवा असं मागता येईल. वह्यांविना ते मास्तरांचं नुसतं म्हणणं ठरतं. आजपासून सात दिवस उरले आहेत.

साहेब, ती चौदा नंबरची पेटी सुमनबाईला ठाऊक आहे. दुष्काळामुळे आपली दप्तराची खोली टँकरच्या कामाला दिली आहे. पेट्या भिंतीला लावल्या आहेत आणि आल्यागेल्याला त्यांवरच बसवतात. गेल्या महिन्यात सुमनबाईला दोन तास जिच्यावर बसवलं ती हीच पेटी. आकडा तिला वाचता आला नाही. पुढच्या खेपेस सिंधु सोबत होती, तिनं वाचला. किल्ली ज्यांच्याकडे ते टँकरसोबत गावोगाव फिरत असतात. आपले कारकून दयाळूपणे म्हणाले की वह्या आत आहेत असं पोरीनं सांगावं, तिच्या जबाबदारीवर कुलूप तोडतो. सिंधु म्हणाली, “उघडल्याबिगर सांगता येत न्हाई.” कारकुनांनी तेच दहाव्या अर्जावर लिहिलं आणि अर्ज निकाली काढला. सुमनबाई कचेरीच्या पायरीवर बसून रडली. लेकीचा चेहरा बघायला त्या दिवशी तिचं मन धजावलं नाही.

(येथे एक ओळ खोडली आहे. समासात अर्जदाराचा अंगठा.)

त्या खोडलेल्या ओळीचा खुलासा असा. आज सकाळी सुमनबाई ठरवूनच आली. म्हणाली, “लिवा की म्या पेटीच्या फटीतून वह्या बघितल्या. डोळ्यानं बघितल्या म्हून लिवा.” दत्तोपंताने लिहिलं. या धंद्यात पंचवीस वर्षं काढल्यावर अशा ओळीनं हात थांबत नाही. अंगठ्याआधी अर्ज वाचून दाखवायचा असतो, तसा वाचून दाखवला. सिंधु शेजारीच बसली होती. ती खाली मान घालून हाताचे फोड बघत राहिली. शाळा सुटल्यापासून ती रोजगार हमीवर खडी फोडते. ती ओळ आली तशी सुमनबाईनं हात वर केला. “खोडा ते. तीन सालं पोरगी एवढी एकच गोष्ट धरून ऱ्हायली. ती म्या मोडू का?” दत्तोपंताला स्वतःची लाज वाटली, तीही इथे नमूद आहे.

तेव्हा अर्जदाराचं म्हणणं इतकंच की पेटी तिच्यासमोर उघडावी. वह्या निघाल्या तर द्याव्यात. न निघाल्या तर नाहीत असं लिहून द्यावं, ती तो कागद घेऊन तारखेला जाईल. पण न उघडता ‘नाहीत’ असं लिहू नये. नीट न बघता लिहिलेल्या पाच ओळींपायी तिचा माणूस साडेचार वर्षं आत आहे.

उत्तर मिळेपर्यंत कचेरीच्या पायरीवर बसून असलेली,

सुमनबाई ग्यानोबा सुरवसे
(डाव्या हाताचा अंगठा)
लातूर, दिनांक १० जून १९८५

लिहिणार : दत्तोपंत, अर्जनवीस. लिहिणावळ घेतली नाही.

सोबत :
१. दोन उत्तरांच्या नकला.
२. अपिलाच्या तारखेचा कागद.
३. किल्ली नसल्यास वापरण्यासाठी खडी फोडायचा हातोडा, एक. तो सिंधुच्या हजेरीवर दिलेला असून संध्याकाळी कामावर परत करायचा आहे.