तांब्याचा की अॅल्युमिनियमचा

४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

परवा माझ्या गाडीने ऐन चढावर मान टाकली. मागच्या सीटवर कळा देणारी बाई, शेजारी तिची सासू आणि बॉनेटमधून वाफेचे लोट! रेडिएटरची टाकी तडकली होती. सासूबाई झाकण उघडायला धावल्या. भाजतील म्हणून मी अशी ओरडले की कळासुद्धा क्षणभर थांबल्या. शेवटी एका दुधाच्या टेम्पोवाल्याने आम्हा तिघींना दवाखान्यात पोचवलं. मुलगी झाली, दोघी ठणठणीत.

माझे हात मात्र स्टिअरिंग धरायला तयार नाहीत. नवा रेडिएटर घ्यायचाय. इथला मेकॅनिक म्हणतो, तांब्याचाच टिकतो. तुझे भावोजी अॅल्युमिनियमवर अडून बसलेत. गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान तुझं, तूच निवाडा कर.

तुझी नर्सताई

११ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. नमस्कार.

मुलगी झाल्याचं वाचलं आणि जीव भांड्यात पडला.

तांब्या-पितळेचा रेडिएटर जड, पण गळला तर सोल्डरचा डाग देऊन पुन्हा उभा करता येतो. अॅल्युमिनियमचा हलका, मजबूत. दगा देते ती त्याची प्लास्टिकची टाकी. उकळून उकळून ती ठिसूळ होते. तुझ्याही जुन्या रेडिएटरचा धातू शाबूतच असणार.

आता खरं सांग, कूलंट घालतेस की विहिरीचं पाणी? क्षाराने तांब्याच्या नळ्या तुंबतात आणि अॅल्युमिनियम आतून पोखरलं जातं. मेकॅनिकचं चूक नाही, पण तिकडे नीट डाग देणारा कोण आहे? म्हणून टाक्यांसकट अख्खा अॅल्युमिनियमचा घे. भावोजींना फार चढू देऊ नकोस. रविवारी मीच येऊन बसवतो.

लोभ आहेच, ओरडा कमी असावा.
तुझा धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

विहिरीचंच पाणी घालत होते. झालं समाधान?

तू बसवून गेलास तरी गाडी दारातच उभी होती. बोलावणं आलं की मी रिक्षा बघायची. काल रिक्षा मिळेना आणि पलीकडच्या वाडीतली पोर पहिलटकरीण. तिला मागच्या सीटवर घेतलं आणि बसले एकदाची स्टिअरिंगला. चढ लागला. डोळे रस्त्यापेक्षा तापमानाच्या काट्यावरच जास्त. काटा मध्यावरून हलेना. मग मी त्याच्याकडे बघणंच सोडून दिलं.

माथ्यावर पोचलो, तेव्हा मागून ती पोर काकुळतीने म्हणाली, की ताई, बाळाला एवढी घाई नाही, जरा हळू चालवा.

माया अशीच राहू दे.
तुझी ताई