त्रेसष्टची कॉर्व्हेट

४ ऑक्टोबर १९६४, रविवार
वॉरनला बसवर सोडलं. तीन वर्षं फौजेत, जर्मनीत. चार उन्हाळे टोमॅटोच्या कारखान्यात राबून घेतलेली त्याची त्रेसष्टची कॉर्व्हेट गाडी आता माझ्या कोठारात. बसच्या खिडकीतून म्हणाला, बाबा, आठवड्यातून एकदा सुरू करा, वरून चादर घाला, बाकी हात लावू नका. म्हटलं, हात कशाला लावतोय! गर्व हा मोठा दोष. तो माझ्यात नाही, ही प्रभूची कृपा.

११ ऑक्टोबर
बॅटरी उतरू नये म्हणून गाडी चर्चला नेली. उपासनेनंतर सगळे भोवती. पाळक म्हणाले, फारच सुंदर. शेजारचा क्लीटस दर साली नवी कॉर्व्हेट घेतो. तो म्हणाला, सुंदर आहेच, पण ऑर्विल, मागच्या काचेत मधोमध पट्टी आहे ना, तेवढ्यावरून आंधळाही साल सांगेल. चौसष्टला कंपनीने काढली ती.
पट्टीमुळे मागचं दिसत नाही हेही खरं. बापाने विचार करायला हवा.

७ नोव्हेंबर
एमेटच्या गॅरेजात पट्टी कापून सलग काच बसवली. अंग फायबरग्लासचं, करवत लोण्यात फिरावी तशी फिरली. बॉनेटवरच्या दोन खोट्या जाळ्याही काढल्या, चौसष्टला त्या नाहीत. एमेटने तीनदा विचारलं, पोराला विचारलंस का? आनंदाचा धक्का आधी विचारून देतात का?
मी हात लावला नाही. करवत एमेटची.

२२ नोव्हेंबर
क्लीटस पासष्टची घेऊन आला. पुढच्या चाकामागे तीन उभ्या फटी. माझ्याकडे पाहून म्हणाला, काय राव, आज कुठलं साल?
अशा माणसासाठी मी प्रार्थना करतो.

१६ जानेवारी १९६५
वॉरनचं पत्र. बराकीत सगळ्यांना गाडीचा फोटो दाखवतो म्हणे. मागची पट्टी फक्त त्या एकाच साली होती, तिच्यासाठीच तर घेतली, असं लिहिलंय. पोर अजून लहान आहे. व्हर्ना म्हणाली, अहो, आजच्या आज खरं काय ते लिहून टाका. रविवारी लिहितो.

२४ जानेवारी
रविवारी पत्र लिहिणं बरं नव्हे. विश्रांतीचा दिवस.

१० एप्रिल
तीन उभ्या फटी पाडल्या. इंजिनाला हवा लागते. यंत्रालाही जीव असतो.

५ डिसेंबर
सहासष्टची पुढची जाळी चौकटीचौकटीची. एमेटने तशीच बसवली, पण एका बाजूला बोटभर खाली उतरते. मान किंचित तिरकी केली की सरळ दिसते. चर्चमध्ये एक पाहुणा म्हणाला, यंदाची वाटतं? मी नाही म्हटलं नाही. हो सुद्धा म्हटलं नाही. खोटं बोलणं पाप आहे.

१३ नोव्हेंबर १९६६
सदुसष्टला पाच फटी! कंपनीला स्थैर्य म्हणून नाही. माझ्या तीन फटींच्या मागे आणखी दोन पाडल्या, त्या दारापर्यंत गेल्या. आता डावं दार उचलून उघडावं लागतं. क्लीटसने विचारलं, बासरी कधीपासून वाजवायला लागलास? हसून सोडून दिलं. रात्रभर झोप नाही, ती जेवणामुळे.
वॉरनला नाताळाच्या आत लिहायचं. नक्की.

३० जुलै १९६७
आता तो येतोच आहे. समोरासमोर सांगितलेलं बरं, पत्रात भावना नीट उतरत नाहीत.

१९ ऑगस्ट, शनिवार
वॉरन आला. उंच झालाय. आईला भेटून थेट कोठारात. चादर मीच ओढली. त्याने तीन फेऱ्या मारल्या. मग मागच्या काचेवर, बरोबर मध्यावर, हात ठेवून म्हणाला, बाबा, पट्टी कुठंय? म्हटलं, एमेटने कचऱ्यात टाकली. बराच वेळ हात काढला नाही.
जेवताना दोनदा कोंबडी घेतली, तेव्हा राग नसावा. मी विचारलं, सांग, कुठल्या सालची वाटते? तो म्हणाला, कुठल्याच नाही, बाबा.
व्हर्ना उठून आत गेली. तिच्या डोळ्यांना हल्ली धुराचा त्रास होतो.

२० ऑगस्ट
पहाटेच्या बसने वॉरन टोलेडोला. तिथे कामाला लागणार म्हणे. टेबलावर किल्ली. निघताना म्हणाला, तुमचीच आहे, ठेवा. नम्रपणे स्वीकारली. प्रार्थना फुकट जात नाही. फौजेने पोराला औदार्य शिकवलं.

१० सप्टेंबर
त्याला पत्र लिहायला बसलो. 'प्रिय वॉरन' इतकं झालं, तोच अडुसष्टची चित्रं दाखवायला क्लीटसने कुंपणावरून हाक मारली. अंगच नवं, कंबर बारीक, जुनी एक रेघ शिल्लक नाही. गावातल्या एकखोली शाळेत शिकलेला माणूस मी, पण हा उधळेपणा मलाही कळतो. एमेटला सहज विचारलं. तो म्हणाला, आता कापायचं म्हणशील तर गाडीच कापावी लागेल, ऑर्विल.

१ ऑक्टोबर १९६७, रविवार
व्हर्नाचं डोकं दुखत होतं, म्हणून चर्चला एकटाच गेलो. क्लीटसच्या अडुसष्टभोवती सगळी मंडळी, पाळकसुद्धा. माझ्या गाडीजवळ फक्त एक कुत्रं.
घरी आलो तर व्हर्ना नाही. चिठ्ठी: वॉरनकडे जाते, दोन बस बदलून संध्याकाळपर्यंत पोचेन, जेवण ओव्हनमध्ये आहे. कधी येणार ते लिहिलेलं नाही.
मला सांगितलं असतं तर मी सोडलं असतं. अडीच तासांचा तर रस्ता. गाडीला दोन सीट आहेत. सकाळी दुसरीवर नुसतं बायबल होतं.