सुकलेल्या शेवंतीचा रंग

३ फेब्रु., अमरावती
लग्नाची पत्रिका एकदाची जमली. पत्रिकांच्या दुकानात लोकांच्या लाल-सोनेरी करते, डोळे दिपतील अशा. स्वतःची तशी करणार नाही, हे ठरलेलं. मांजरपाटासारखा कागद, मातकट जांभळी अक्षरं, कडेला फिकी पिवळी-तपकिरी शेवंती. रंग टेबलावरच्या फुलावरूनच उचलले. शैलेशनं साखरपुड्याला दिलेलं, वाळलं तरी टाकवत नाही.
आई : "इतके विटके काहून? शाई संपली का दुकानात?"
नमुना शै.च्या घरी, अकोल्याला पाठवला.

५ फेब्रु.
काही कळवलं नाही. शै. : "आई पाहून राहिली." दोन दिवस एक कागद पाहतात?

६ फेब्रु.
शै.च्या आईचा, काकूंचा फोन. "पोरी, आमी फुलं विकतो. हा रंग आमच्या घरात म्हंजे पडून राह्यलेला माल. सांजीले उकिरड्यावर जाते. लग्नाच्या पत्रिकेवर कावून टाकला?"
इतकी वर्षं रंगांत काढली, आणि फुलवाल्यांच्या घरी सुकलेलं फूल पाठवलं! चूक माझी. पण रंग चुकलेला नाही. हे दोन्ही एकदम कसं सांगू?

७ फेब्रु.
शै.शी भांडण. "लाल करून टाक नं. एका दिवसाची तं गोष्ट हाय."
एका दिवसाची नाही. लग्नानंतर त्यांच्या पुढच्या खोलीत माझं पत्रिकांचं काम सुरू करायचं ठरलंय. तिथं आता हार गुंफतात. पहिलंच काम हातातून काढून घेतलं, तर त्या खोलीत मीही हारच गुंफणार. तसं म्हटलं त्याला. "आई आयकत नाई."
राग आला. भीती त्याहून जास्त.

९ फेब्रु., अकोला
न सांगता बसनं गेले. होणाऱ्या सुनेनं असं जायचं असतं का, म्हणून आई दारापर्यंत बडबडत आली. पुढच्या खोलीत झेंडूचा ढीग, काकू हार करत बसलेल्या. पाठ केलेलं सगळं विसरले. पत्रिका पुढं केली, कडेच्या फुलावर बोट ठेवून.
"काकू, हे शेवंती तुमच्याच वावरातली हाय. साखरपुड्याची. मी टाकलीच नाई."
त्यांनी पत्रिका उजेडात धरली, बराच वेळ. "ठेव तिथं." चहा दिला. पुन्हा विषय नाही.

१० फेब्रु., अमरावती
आज त्यांच्याकडे देवापुढं पहिली पत्रिका. जिच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लागेल, तीच वाटायची.
दुपारी शै.नं फोटो पाठवला. माझीच पत्रिका! कोपऱ्यांना कुंकू. त्या फिक्या कागदावर असं उठून दिसतंय की रडूच आलं. इतका लाल मला कधी जमला नाही.
मग फोटो मोठा केला. शेजारी दुसरी पत्रिका, लालभडक, सोनेरी काठांची. कधी छापून घेतली, देव जाणे. तिलाही कुंकू.
शै.ला विचारलं, वाटायची कोणती?
"आईले विचारतो."
दोन तास झाले.